खडकावरचे कालव कुठे जाणार?

उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर ओहोटी लागली की काळे खडक उघडे पडतात. दुरून ते ओसाड दिसतात. पण जवळ जाऊन पाहावे, तर तिथे दाट वस्ती असते.

पाण्याबाहेर कोण किती वेळ तग धरतो, यावर तिथली जागा ठरते. वरच्या कोरड्या भेगांत बारीक शंखांच्या गोगलगायी दाटीने बसतात. मधल्या पट्ट्यात कालवे, तर खालच्या डबक्यांत शेवाळ, खेकडे आणि समुद्रपुष्पे. फुलासारखे दिसणारे समुद्रपुष्प म्हणजे प्राणीच.

यांत कालवाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. त्याचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते. मग दगडाला चिकटते ते कायमचे. ओहोटीत ते शिंपले मिटून आत पाणी धरून ठेवते. भरती आली की पाणी गाळून अन्न मिळवते. पाण्यात घाण आली, तर मासा दूर जाईल. कालव कुठे जाणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया ही जहाजे एकमेकांवर आदळली. सांडलेले तेल उरणच्या किनाऱ्यालाही लागले. अशा वेळी खडकावरच्या जीवांबरोबर, कालवे फोडून चार पैसे मिळवणाऱ्या बायांची चूलही अडचणीत येते.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे : सुट्टीत मुलांना हे खडक जरूर दाखवा. भरतीची वेळ विचारून जा. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. त्याच्याखाली कुणाचे तरी घर असते.