वारसा आणि त्याची मर्यादा

संगणकाच्या तासाला ‘वारसा’ हा शब्द आला की मुलांना प्रथम घराचा वारसा आठवतो, आणि आम्हीही तेथूनच आरंभ करतो. ठाकूरद्वारच्या जुन्या चाळीत जिना, गॅलरी, नळ हे प्रत्येक बिऱ्हाडाला आपोआप मिळतात. भिंतींना रंग कोणता द्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण वरच्या मजल्याचा भार पेलणारा लाकडी खांब कोणी कापू नये. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत मूळ क्लासचे गुण उपक्लासला असेच लाभतात. जावा भाषेतील ‘फायनल’ हा शब्द त्या खांबाचे रक्षण करतो. मेथडला तो लावल्यास उपक्लासला ती बदलता येत नाही. क्लासलाच लावल्यास त्याचा उपक्लास निघतच नाही.

हा निर्बंध कशासाठी? वसतिगृहाची नोंदवही घेऊ. मूळ क्लासमध्ये दोन मेथड आहेत: एक नाव नोंदवणारी आणि संपूर्ण यादी नोंदवणारी. कोणी उपक्लास काढून दोहोंतही जेवणाऱ्यांची मोजणी जोडली. परंतु यादीची मेथड आतून प्रत्येक नावासाठी पहिल्या मेथडलाच बोलावत होती. परिणामी ४० मुलांसाठी ८० ताटे मोजली गेली. आमच्या मते दोष उपक्लास लिहिणाऱ्याचा कमी आहे. मूळ लेखकाने दार उघडे ठेवले, आतली रचना मात्र सांगितली नाही.

जावाचा ‘स्ट्रिंग’ क्लास फायनल आहे. तपासणीच्या वेळी फाइलचे एक नाव दाखवून उघडताना दुसरे पुढे करणारा उपक्लास कोणी रचू नये, हे त्याचे एक कारण. येथे एक गैरसमज हटकून होतो. यादीच्या व्हेरिएबलला फायनल लावल्याने यादी गोठत नाही. त्या व्हेरिएबलला दुसरी यादी जोडता येत नाही, इतकेच. आतली नावे वाढतात, घटतात.

कॉटलिन भाषेत क्लास मुळातच बंद असतो. तो ‘ओपन’ लिहून उघडावा लागतो. २०२१ च्या जावा १७ मध्ये ‘सील्ड’ क्लास रूढ झाले, ज्यांत कोणते उपक्लास चालतील हे मूळ क्लासच ठरवतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जन्माने लादलेला वारसा नाकारणाऱ्या समाजाची ही मुले. वारसा घेतलाच पाहिजे का, असे ती विचारतात. मुळीच नाही. नोंदवहीचा उपक्लास न काढता ती आपल्या क्लासमध्ये एक वस्तू म्हणून ठेवावी, तिच्याकडून नोंदी करून घ्याव्यात आणि मोजणी बाहेर करावी. मग ताटे ४० च येतात.