ग्राइंडरचे बेअरिंग

माझ्या काकांचे वेल्डिंगचे दुकान आहे. तिथला लोखंड घासायचा ग्राइंडर परवा गिरणीसारखा घरघर करू लागला. काका म्हणाले, "बेअरिंग गेलं."

बेअरिंग म्हणजे एकात एक दोन कड्या. मधे पोलादी छर्रे असतात. आतली कडी दांड्यावर घट्ट बसते आणि त्याच्याबरोबर फिरते. धूळ शिरली, ग्रीस वाळले, की छर्रे झिजतात. मग दांडा डुलतो. दांड्यावर तारांचे आर्मेचर असते. ते बाजूच्या लोखंडाला घासले तर जळते. बेअरिंग स्वस्त, पण आर्मेचर महाग!

आधी प्लग काढायचा. (हे काकांनी मला तीनदा सांगितले.) मग कार्बन काढायचे, स्क्रू खोलून दांडा बाहेर घ्यायचा. जुने बेअरिंग पुलरने ओढतात. त्यावर नंबर असतो, त्याच नंबरचे नवे आणायचे. आमचा नंबर ६०८ होता. भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. मी पट्टीने मोजले, बरोबर भरले.

बसवताना फार जपावे लागते. मागच्या वेळी काकांनी बाहेरच्या कडीवर हातोडी मारली. तो मार छर्‍यांवर गेला आणि नवे बेअरिंग आठ दिवसांत वाजू लागले. पैसे गेले ते गेलेच, वर काकू बोलल्या. या वेळी आतल्या कडीवरच टेकेल असा पाइपचा तुकडा शोधला. तो ठेवून हळूहळू ठोकले. मला धरायला दिला नाही.

ग्राइंडर लावला तर सूंऽऽ असा सरळ आवाज आला. जुने बेअरिंग माझ्या दप्तरात आहे. बोटाने फिरवून बघा, खडखड लागते.