आधी कोण, मग कोण?

लग्नघरात कोठीची व्यवस्था लागण्यापूर्वीच आचारी तांदूळ मागू लागला म्हणजे काय गोंधळ उडतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. तांदूळ घरात असतो, आचारी कुशल असतो, कोठी सांभाळणाराही प्रामाणिक असतो. चुकलेला असतो तो केवळ क्रम. संगणकातही असाच एक दोष उद्भवतो. त्याचाच विचार आज आम्ही करणार आहोत.

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीला कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला लिनक्स हा असाच एक गाभा. अँड्रॉइडचे फोनही त्याच्यावरच चालतात. यंत्रातील स्मृतीची वाटणी करणे हे गाभ्याचे एक मोठे काम. त्यासाठी तो स्मृतीची लहान लहान पाने पाडतो. नेहमीच्या संगणकात एक पान ४०९६ बाइटांचे असते. स्मृती ६४ गिगाबाइट असेल, तर अशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पाने होतात. प्रत्येक पानाची नोंद ठेवावी लागते आणि एका नोंदीला साधारणपणे ६४ बाइट लागतात. म्हणजे नुसती नोंदवहीच एक गिगाबाइटची झाली!

आता पेच पाहा. वही ठेवावयास स्मृती हवी आणि स्मृती वाटावयास वही हवी. हा पेच सोडविण्यासाठी गाभ्याच्या पोटातच एक छोटे कोष्टक आधीपासून राखून ठेवलेले असते. यंत्र सुरू होताच ‘मेमब्लॉक’ नावाची तात्पुरती व्यवस्था या कोष्टकाच्या आधारे स्मृती देते, तिच्यातून वही उभी राहते आणि मग सारा कारभार कायमच्या व्यवस्थेकडे सोपविला जातो. या संक्रमणकाळात कोणी घाई केली, की यंत्र सुरू होण्यापूर्वीच कोसळते. पुष्कळदा तर पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही.

एक खरे उदाहरण घेऊ. प्रत्येक पान कोणी मागून नेले, हे टिपून ठेवणारी एक पुरवणी-वही लिनक्समध्ये आहे. स्मृतीची गळती कोठे होते, हे शोधण्यास ती उपयोगी पडते. ती तयार झाली तेव्हा तिचा क्रम बरोबर होता. पुढे २०१५ साली, मोठी यंत्रे लवकर सुरू व्हावीत म्हणून, आरंभी मुख्य वहीतील थोड्याच नोंदी भराव्यात आणि बाकीच्या मागाहून एकाच वेळी अनेक हातांनी भराव्यात, अशी सोय झाली. पुरवणी मात्र पूर्वीच्याच वेळी तयार होत राहिली. ज्या पानांच्या मूळ नोंदीच भरलेल्या नव्हत्या, त्यांतील काहींना पुरवणी मिळाली नाही आणि पुढे तिची गरज पडताच गाभा कोसळू लागला.

२०१६ साली उपाय झाला : सर्व नोंदी भरल्यावर पुरवणी उघडावी. दोष गेला, परंतु अगदी आरंभी दिलेल्या पानांची माहिती हुकली. म्हणून त्याच वर्षी पुरवणी पुन्हा अलीकडे आणली गेली आणि पान कोणत्या स्मृतिविभागातील, हे मुख्य वहीला न विचारता आरंभीच्या कोष्टकाला विचारावे, असे ठरले. युक्ती चतुर होती. पण याच कामाच्या पोटातील आणखी एक पायरी तोच प्रश्न अजूनही अर्धवट वहीलाच विचारीत होती! त्यामुळे चुकीचा विभाग-क्रमांक हाती येऊन भलत्याच जागी वाचन होण्याचा धोका उरला. २०१९ साली ती युक्ती मागे घेऊन पुरवणी पुन्हा पुढे ढकलली गेली. अखेर २०२२ साली ज्याला आरंभीची माहिती हवीच असेल, त्याच्यासाठी वेगळा पर्याय ठेवण्यात आला. त्यात पुरवणी लवकर उघडते; पण सर्व नोंदी आधी भराव्या लागत असल्याने यंत्र सुरू होण्यास अधिक वेळ लागू शकतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा ठिकाणी दोन ओळींची अदलाबदल म्हणजे दुरुस्ती नव्हे. हे काम कोणती माहिती वाचते, ती केव्हा तयार होते आणि तीच माहिती आणखी कोण कोण वाचते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दोष जात नाही. तो केवळ घर बदलतो. शिवाय त्या सोयीविना चालणाऱ्या यंत्रावर तो दिसतही नाही. ‘माझ्याकडे चालते’ हे समाधान म्हणूनच फसवे.

हा दोष कोणाच्या अज्ञानातून जन्मला नव्हता. एकाने पुरवणी नीट लिहिली, दुसऱ्याने वेगाची सोय नीट केली. पण पहिल्याची दुसऱ्यावरची भिस्त कोठेच लिहिलेली नव्हती. न लिहिलेली भिस्त वेळीच लिहून ठेवावी आणि ती पाळली जाते की नाही, हे यंत्राकडूनच तपासून घ्यावे, हाच यावरचा टिकाऊ उपाय होय.