रेगाटा : घासाघिशीतून शर्यतीकडे

‘रेगाटा’ म्हणजे नौकांच्या शर्यती आणि त्यांच्या निमित्ताने पाण्यावर भरणारा उत्सवही. शब्द मूळचा व्हेनिसचा. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ चढाओढ, वरचढ ठरण्यासाठीची झटापट. तो आला कुठून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही जण त्याचे नाते ‘रेगातार’ या क्रियापदाशी लावतात. घासाघीस करणे, किरकोळ विक्री करणे, स्पर्धा करणे असे त्याचे अर्थ आहेत. जुन्या वस्तू विकणाऱ्याला इटालियनमध्ये ‘रिगात्तिएरे’ म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला मानला जातो. काहींच्या मते मूळ शब्द ‘रीगा’, म्हणजे ओळ. शर्यतीआधी नौका ओळीत उभ्या राहतात म्हणून. ही व्युत्पत्ती सोपी खरी, पण चढाओढीचा जुना अर्थ तिच्यातून निघत नाही. बाजारातल्या ओढाताणीची अधिक पटते.

याकोपो दे बार्बारी याच्या १५०० सालच्या व्हेनिसच्या प्रसिद्ध नकाशात नौकांच्या एका घोळक्यापाशी ‘रेगाटा’ हा शब्द कोरलेला आहे. व्हेनिसचा मोठा रेगाटा आजही सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ग्रँड कॅनॉलवर होतो. मानाच्या शर्यतीत नऊ वेगवेगळ्या रंगांच्या ‘गोंदोलिनो’ नौका उतरतात. प्रत्येकीत दोन वल्हेकरी, तेही उभ्याने आणि तोंड पुढे करून वल्हवणारे. एरवी शर्यतीतले वल्हेकरी बसतात आणि त्यांची पाठ पुढच्या दिशेला असते. कालव्यात रोवलेल्या खांबाला वळसा घालून नौका परततात. पहिल्या चारांना लाल, पांढरा, हिरवा आणि निळा असे झेंडे मिळतात. चौथ्या क्रमांकाला पूर्वी झेंड्यासोबत डुकराचे जिवंत पिल्लूही देत!

इंग्लंडमध्ये जून १७७५ मध्ये लंडनच्या थेम्स नदीवर व्हेनिसच्या धर्तीवर रेगाटा झाला. शर्यतीपेक्षा मेजवानी आणि मिरवणे यांचाच थाट मोठा होता. वल्हवण्याच्या स्पर्धांसाठी नावाजलेला हेन्लीचा रेगाटा १८३९ साली सुरू झाला. पुढे ‘रेगाटा’ हे नाव शिडांच्या नौकांच्या शर्यतींनाही मिळाले.

पुण्यात रेगाटा म्हटले की पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आठवतो. १९२८ पासूनची ही परंपरा. मुठेच्या पात्रात विद्यार्थी नौकांच्या निरनिराळ्या रचना करतात, अंधार पडल्यावर मशाली पेटतात आणि काठावर गर्दी जमते. इथे शर्यतीपेक्षा प्रात्यक्षिकांचीच मातब्बरी अधिक.