मोटर उघडण्याआधी अक्ष तपासा

अलिबाग-मुरुडच्या अंगणात दुर्बीण लावली आणि तारा दृष्टिक्षेत्रातून सरकू लागला, की दोष मोटरवर जातो: खाऱ्या हवेने गिअर गंजले असणार. शंका रास्त आहे, पण तारा कुठल्या दिशेला सरकतो ते आधी पाहायला हवे. मोटर माउंटला एकाच अक्षाभोवती, सेकंदाला सुमारे 15 विकला या गतीने फिरवते. तिच्यात किंवा गिअरमध्ये बिघाड असेल, तर तारा पूर्व-पश्चिमच हलेल. दुसऱ्या अक्षाचा क्लच घट्ट असूनही तो उत्तरेला वा दक्षिणेला सरकत असेल, तर अक्षच खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला नाही.

इथे तसे सहज घडते. अलिबागचा अक्षांश सुमारे 18.6 अंश, म्हणून ध्रुवताराही जेमतेम तेवढाच वर, बहुधा नारळी-पोफळींच्या आड. मग होकायंत्र का नको? सुरुवातीला जरूर वापरावे. या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळलेली नाही. मात्र सुई लोखंडापासून दूर धरावी. विजेच्या ट्रामचा उपद्रव टाळण्यासाठीच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींकरिता 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा आली, इतकी ही मापने नाजूक. शेवटची कसोटी ताऱ्याचीच. मृगाच्या पट्ट्यातला तारा दक्षिणेला माथ्यावर आला, की मोठ्या वर्धनाने पाच मिनिटे पाहा. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. उंचीसाठी पूर्वेचा तारा घ्या. तो दक्षिणेला गेला तर अक्ष खाली झुकलेला आहे, स्क्रू थोडा वर घ्या.