आम्ही भोसल्यांचे सरदार!

सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा या पट्ट्यात सोयरिकीची बैठक बसली की चहा यायच्या आत घराण्याचा विषय निघतो. कुणाचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत सरदार असतात, कुणाचे थेट धारहून आलेले, तर कुणाकडे एकेकाळी शंभर गावांची पाटीलकी असते. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्यानं आजोबांकडून ऐकलेलं असतं आणि आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. अडचण येते ती जातीच्या दाखल्यासाठी किंवा निव्वळ हौसेपोटी कागद शोधायला निघाल्यावर. मध्य प्रदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. पलीकडे महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हापासून नरखेड-काटोलच्या पाहुण्यांचेही फोन येऊ लागले. अशा वेळी ऐकलेलं एक आणि कागदावरचं दुसरंच निघतं. त्यातले नेहमी भेटणारे काही गैरसमज इथे घेतले आहेत.

गैरसमज : गावात वाडा आहे, म्हणजे घराणं सरदारांचं

बहुतेक ठिकाणी तो वाडा मालगुजाराचा असतो. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकीच देऊन टाकली. या मालगुजारांत जुने पाटील होते, तसे सावकार होते आणि वसुलीचा मक्ता घेणारेही होते. तलवारीशी ज्यांचा काडीचा संबंध आला नव्हता, अशांनीही मग सागवानी खांबांचे चौसोपी वाडे उठवले. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून हक्क सरकारकडे गेले. वाडा तेवढा उरला आणि त्याला सरदारकी चिकटली. सरदारकी खरी असेल तर तिची सनद असते, सरंजामाची नोंद असते. ती पाहावी. खांब मोजून काही कळत नाही.

गैरसमज : इथला इतिहास भोसल्यांपासून सुरू होतो

त्याआधी देवगडचं गोंड राज्य होतं आणि सौंसरचा मुलूख त्याच राज्यात मोडत होता. देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. तिथल्या जाटबा राजाची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त सापडते, तर बख्त बुलंद शाहानं नागपूर वसवलं. भोसले इथे आले तेही एका घरच्या भांडणामुळे. १७३९ मध्ये देवगडचा राजा चाँद सुलतान वारला आणि बख्त बुलंदच्या अनौरस मुलानं, वली शाहानं, गादी बळकावली. चाँद सुलतानच्या विधवेनं आपल्या मुलांच्या हक्कासाठी पहिल्या रघूजी भोसल्यांना बोलावलं. वली शाह मारला गेला आणि बुऱ्हाण शाह व अकबर शाह हे दोघे भाऊ गादीवर आले. पुढे त्यांच्यातच जुंपली. १७४३ मध्ये रघूजी पुन्हा मध्ये पडले आणि या खेपेला परत गेले नाहीत. बुऱ्हाण शाह नावापुरता राजा राहिला. औरस कोण आणि अनौरस कोण, या प्रश्नानं राज्य बदलल्याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला शोधायला नको.

गैरसमज : नागपूरकर भोसले म्हणजे शिवछत्रपतींचे थेट वंशज, आणि वंश म्हणजे बापाकडून मुलाकडे सरळ उतरणारं रक्त

हे दोन गैरसमज वेगळे आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. पहिल्याचा निकाल लवकर लागतो. नागपूरचं घराणं हिंगणीकर भोसल्यांचं. शिवाजी महाराज वेरूळकर शाखेतले. दोन्हींचा मूळ पुरुष एक मानतात, पण तो फार मागचा. साताऱ्याच्या शाहू महाराजांशी रघूजींचं जवळचं नातं होतं ते लग्नाचं. दोघांच्या बायका शिर्के घराण्यातल्या, म्हणून दोघे साडू. रक्ताच्या दूरच्या धाग्यापेक्षा सासरवाडीचा हा धागा रघूजींना जास्त उपयोगी पडला. पण वंशावळीच्या तक्त्यात पुरुषाखाली पुरुष लिहीत गेलं की साडूला जागाच उरत नाही.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. रघूजी १७५५ मध्ये वारले. वयानं जानोजी मोठे, पण ते धाकट्या राणीचे. मुधोजी थोरल्या राणीचे. मोठं कोण, वयानं की आईच्या मानानं? हा वाद पेशव्यांपर्यंत गेला. जानोजींना सेनासाहेब सुभा हा किताब मिळाला, मुधोजींकडे चांदा, बिंबाजींकडे छत्तीसगड आणि साबाजींकडे वऱ्हाडातलं दारव्हा गेलं. पुढे जानोजींना मूल झालं नाही, तेव्हा ज्याच्याशी जन्मभर भांडण झालं त्या मुधोजींचाच मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो दुसरा रघूजी.

दुसऱ्या रघूजींचा मुलगा परसोजी १८१७ मध्ये मारला गेला. चुलतभाऊ अप्पासाहेब गादीवर आले, सीताबर्डीची लढाई हरले आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना दूर केलं. गादीवर बसवला तो दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या पोटचा बाजीबा. गुजरांच्या घरचं हे पोर परसोजीच्या विधवेच्या मांडीवर दत्तक बसलं आणि तिसरे रघूजी भोसले झालं. म्हणजे नागपूरचा शेवटचा सत्ताधीश भोसला जन्मानं गुजर होता, आणि भोसल्यांचं रक्त त्याच्यात आलं ते आईकडून. तेही ११ डिसेंबर १८५३ ला पुत्र नसताना वारले. राण्यांना अहिरराव घराण्यातला यशवंतराव दत्तक घ्यायचा होता. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल यांचाही कल दत्तकाला मान्यता देण्याकडे होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीनं ती नाकारली आणि राज्य खालसा केलं. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी त्याच यशवंतरावाला जानोजी भोसले म्हणून मानलं आणि साताऱ्याकडच्या देऊरचा राजाबहादूर हा किताब दिला. राज्य मात्र परत आलं नाही.

डलहौसीला आपण दुष्ट म्हणून सोडून देतो, पण त्याच्या डोक्यातला गोंधळ समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडच्या कायद्यात दत्तक ही गोष्टच नव्हती. तिथे दत्तकाचा पहिला कायदा १९२६ साली झाला आणि आजही दत्तक मुलाला उमरावाची पदवी वारशानं मिळत नाही. २००४ पासून त्याला उमरावाच्या मुलांसारखी मानाची उपाधी लावता येते, इतकंच. आपल्याकडे दत्तक मुलगा पिंड देतो, म्हणून तो पुत्रच. आता गंमत पाहा. डलहौसी स्वतः स्कॉटलंडच्या उमराव घराण्यातला आणि त्याला दोन मुली, मुलगा नाही. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याची मार्क्वेसची पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि जुनी अर्लची पदवी फॉक्स मॉल या चुलतभावाकडे गेली. नागपूरला लावलेला नियम सहा-सात वर्षांत त्याच्याच घराला लागला. आमच्या शाळेच्या इतिहासात ही गोष्ट कुणी सांगितली नाही, सांगायला हवी होती.

तेव्हा घरच्या कुर्सीनाम्यात, म्हणजे वंशावळीत, दत्तक आढळला तर दडवू नये. ‘मूळचे आमचे नाहीत’ असं कुजबुजत ज्या पणजोबांविषयी बोललं जातं, त्यांच्यामुळेच बहुतेकदा शेत आणि नाव टिकलेलं असतं. फक्त त्यांच्या जन्मघराचं आडनाव आणि गाव कंसात लिहून ठेवावं, नाही तर पुढचा शोधणारा चुकीच्या गावी जातो.

गैरसमज : इंग्रजांच्या वंशावळी पक्क्या, आपल्याच तेवढ्या भाकडकथा

हे अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, तर १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंद. १७५३ च्या कायद्यानंतर चर्चबाहेरची चोरून केलेली लग्नं बाद ठरू लागली. जमीनदारांच्या घरी लग्नाआधी मालमत्तेचा करारनामा होई, तोही जपून ठेवत. थोरल्या मुलाला सगळं आणि धाकट्यांना जवळपास काही नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे थोरला कोण हे लिहून ठेवणं भागच होतं. आपल्याकडे वाटण्या होत, म्हणून आपला कागद भांडणाच्या निमित्तानं तयार झाला. कोर्टातले दावे आणि वाटणीपत्रं यांइतकी खरी वंशावळ दुसरीकडे सापडत नाही. भाऊ भावाचं नाव विसरू देत नाही.

पण गोऱ्यांनीही थापा कमी मारल्या नाहीत. १०६६ मध्ये विल्यम राजाबरोबर समुद्र ओलांडून आलो, असं सांगणारी घराणी शेकडो होती. इंग्लंड जिंकण्याच्या त्या लढाईत जे होते हे समकालीन पुराव्यानं दाखवता येतं, ते मोजकेच. होरेस राउंड नावाच्या संशोधकानं अशा कित्येक छापील वंशावळींचा खोटेपणा उघड केला. आपल्याकडचं ‘धारहून आलो’ याच जातीचं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात बैतूल-छिंदवाड्याच्या भोयर समाजाची धारची कथा नोंदलेली आहे. ती छापली गेली म्हणून सिद्ध झाली, असं अनेकांना वाटतं. लोक काय सांगत होते, एवढंच ते पुस्तक सांगतं. कथा खोटी असेलच असं नाही. मात्र धार ते पांढुर्णा या वाटेवरचं एकेक नाव जोवर कागदावर सापडत नाही, तोवर ती समाजाची आठवण आहे, तुमच्या घराची वंशावळ नव्हे. पांढुर्ण्याच्या गोटमारीचं, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचंही तसंच. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी आणि जाम नदीत दोघांचा अंत, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. त्या दोघांची नावं मात्र कुणालाच सांगता येत नाहीत.

गैरसमज : एक आडनाव, एक कूळ

देशमुख, पाटील, देशपांडे ही कामाची नावं. देशमुख ब्राह्मणांत आहेत, कुणब्यांत आहेत, मराठ्यांत आहेत. सौंसरचे आणि अमरावतीचे देशमुख एक असतील किंवा नसतीलही. आडनावाची राजमुद्रा छापून विकणारे सध्या बरेच झालेत. इंग्लंडमध्येसुद्धा मानचिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. सरसकट आडनावाला मानचिन्ह नसतं. पैसे वाचवावेत.

गैरसमज : बायकांच्या नोंदी मिळतच नाहीत

मिळतात, पण शोधायची जागा वेगळी असते. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत असल्यानं माहेरची गोदी सासरी सरस्वती होते आणि वंशावळ तिथेच तुटते. जुन्या मिसलीत, म्हणजे बंदोबस्ताच्या दप्तरात, ती ‘मु. सरस्वती जौजे’ अमुक किंवा ‘बेवा’ अमुक अशी येते. जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, वल्द म्हणजे मुलगा आणि ‘मु.’ हे मुसम्मात, म्हणजे बाईच्या नावाआधीचं संबोधन. हे चार शब्द ठाऊक नसल्यानं लोक पानं उलटतात आणि पणजी समोर असून पुढे जातात. माहेर शोधायचं तर लग्नाच्या याद्या, आहेराच्या वह्या आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, गया इथल्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की मागचे तीर्थयात्री निघतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं तर १९७७ पासून अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं फिल्मवर चित्रीकरण केलं.

आपल्या भागाची आणखी एक खास अडचण आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या सोयरिकी काटोल, नरखेड, सावनेर, वरूडशी. १ नोव्हेंबर १९५६ ला सीमा मधून गेली आणि एकाच घराचे कागद दोन राज्यांत पडले. मुलगा इकडच्या कोटवाराच्या वहीत, सून तिकडच्या कोतवाल बुकात. शिवाय २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. म्हणून इथल्या तहसिलीत नोंद मिळाली नाही की लगेच ‘नाही’ म्हणू नये. छिंदवाड्याची रेकॉर्ड रूम, मुलीच्या सासरच्या तहसिलीची रेकॉर्ड रूम आणि गावच्या प्राथमिक शाळेचा दाखिल-खारिज रजिस्टर, तिन्ही पाहावेत. शाळेचा रजिस्टर जन्मतारखेला फारसा विश्वासाचा नसतो, कारण गुरुजींनी अंदाजे तारीख टाकलेली असते. बापाचं नाव आणि जात मात्र तिथे सहसा बरोबर असते.

भोसल्यांच्या काळातला कागद मोडी लिपीत असतो. तो वाचणारा मिळाला तरी सालाचा घोळ होतोच. शके असेल तर ७८ मिळवायचे, सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. फसली सन उत्तरेकडचा वेगळा आणि दख्खनचा वेगळा. कुठला सन आहे ते न पाहता बेरीज केली तर नातू आजोबांच्या आधी जन्मतो. अशा वंशावळी फ्रेम करून लावलेल्या आहेत.

कामाला लागायचं तर आजपासून मागे जावं, भोसल्यांपासून पुढे येऊ नये. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं, आणि प्रत्येक नावाला एक कागद. कागद नसेल तिथे ‘ऐकीव’ असं स्पष्ट लिहावं. घरात ऐंशी पार केलेली आजी असेल तर तिच्या आईचं आणि आजीचं माहेरचं नाव, गाव आणि आडनाव आधी उतरवून घ्या. सनद शोधायला नंतर गेलात तरी चालेल, पण ही नावं कुठल्याच रेकॉर्ड रूममध्ये सापडायची नाहीत.