दुधाची बशी जरा बाजूला ठेवा

मांजराचे पिल्लू एकटे दिसले की आपला हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. दया आली की आधी पाजायचे, ही आपली जुनी सवय. सवय चांगलीच आहे, पण मांजराच्या तान्ह्या पिल्लाच्या बाबतीत दुधाचा नंबर तिसरा लागतो. त्याच्या आधी थांबून पाहायचे असते आणि मग ऊब द्यायची असते. हा क्रम उलटा झाला तर ते दूधच पिल्लाच्या जिवावर उठते.

मी नागपूरच्या दक्षिणेला बेसा इथे राहतो. जिथे शेते होती तिथे आता लेआउट आणि फ्लॅट स्कीम आहेत. अर्धवट बांधकामे, रेतीचे ढीग, पार्किंगमधले भंगार. मांजरीला बाळंतपणासाठी आणखी काय हवे? मे २०२३ मध्ये आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये, भिंतीला टेकवलेल्या जुन्या दारांच्या मागे, मुलांना चार पिल्ले सापडली. डोळे नुकते उघडले होते. मुलांनी ती खोक्यात घालून दुसऱ्या मजल्यावर नेली, थेट कूलरसमोर ठेवली आणि पुढे दुधाची बशी सरकवली. "काका, यांची आई यांना सोडून गेली," असे मला मोठ्या गांभीर्याने सांगण्यात आले. आई कुठेही गेली नव्हती. ती पोट भरायला गेली होती. परत आली तेव्हा जागा रिकामी. रात्रभर ती पार्किंगमध्ये ओरडत फिरत होती. सकाळी आम्ही खोका खाली आणून त्याच जागी ठेवला, तोवर एक पिल्लू गेले होते. उरलेली तीन तिने मानेला धरून एकेक करत कंपाउंडच्या भिंतीपलीकडे नेली. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. तिने तर अख्खी रात्र माणसांच्या घरात काढलेली पिल्ले उचलली.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, अशी आपल्याकडची समजूत आहे. सातचा आकडा सोडून द्या, पण ती जागा बदलते हे खरे. आणि नेते एका वेळी एकच. म्हणजे शेवटचे पिल्लू काही वेळ एकटे पडून असणारच. नेमके तेच आपल्याला दिसते आणि आपण त्याला अनाथ ठरवतो.

मग ओळखायचे कसे? पोट गोल आहे, अंग ऊबदार आहे, पिल्लू शांत झोपले आहे, तर आई जवळपास आहे. पोट खपाटीला गेलेले, अंग गार, सारखे ओरडणे, अंगाला मुंग्या लागलेल्या, असे असेल तर लगेच मदत हवी. मधली अवस्था असेल तर दूर उभे राहून काही तास लक्ष ठेवावे. आपण जवळ असलो तर ती येत नाही. पिल्लांभोवती थोडी कणीक भुरभुरून ठेवली, तर नंतर तिच्यात पावले उमटली आहेत का हे कळते. कुत्र्यांचे किंवा उन्हाचे भय असेल तर चार-पाच हातांवर सावलीत सरकवावे, तिसऱ्या मजल्यावर नेऊ नये.

ही थांबण्याची गोष्ट पटत नसेल तर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरकडे पाहा. तिथे बिबट्याची मादी उसातच वितें. ऊसतोड सुरू झाली की कामगारांना बछडे सापडतात. वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातील वाइल्डलाइफ एसओएसचे पथक येते, बछडे तपासते आणि संध्याकाळी खोक्यात घालून सापडले त्याच जागी ठेवते. दूर कॅमेरे लावून माणसे बाजूला होतात. अंधार पडला की मादी येते आणि बछडे उचलून नेते. असे एकदोनदा नव्हे, कितीतरी वेळा घडले आहे. रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लेही तिथे अशीच आईला परत मिळाली आहेत. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झाली तरी वजन दीड किलोच्या आसपास, त्यामुळे तिचे पिल्लू घरच्या मांजराचे समजून उचलले जाण्याचा धोका मोठा. शेतात पिल्ले सापडली आणि शंका आली तर घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना पाळता येत नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तो फिरवा.

पण कधी कधी आई खरोखरच नसते. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या रस्त्यावर एक मांजर गाडीखाली आली आणि तीन पिल्ले मागे राहिली, दहाएक दिवसांची. नागपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खालीही उतरतो. आमच्या चौकीदाराच्या बायकोने ती पिल्ले हाती घेतली तेव्हा दगडासारखी गार होती.

संस्कृतात मार्जारकिशोरन्याय म्हणून एक दाखला आहे. माकडाचे पोर स्वतः आईला घट्ट धरते, मांजराचे पिल्लू मात्र काहीच करत नाही, आईच त्याला उचलते. भक्तीचे दोन मार्ग समजवायला रामानुजांच्या परंपरेतले आचार्य हा दाखला देत. पशुवैद्यक तेच शरीराच्या भाषेत सांगतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. त्याचे तापमान ३५-३६ अंश सेल्सियस असते, आपल्यासारखे स्थिर व्हायला महिना लागतो. अंग त्याहून गार पडले की आतड्यांचे काम थांबते. पोटात गेलेले दूध तसेच पडून नासते. म्हणून गार पिल्लाला दूध द्यायचे नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे जास्त झाले तर ते सरकू शकते. हळूहळू ऊब द्यायची, शेगडीजवळ धरायचे नाही. मे महिन्यात उलटे. खोली थंड हवी, पण कूलरचा ओला झोत अंगावर नको.

आता दूध. गाईच्या दुधाने या पिल्लांना बहुतेकदा जुलाब होतात, आणि इवल्याशा जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, त्यामुळे पोट भरले तरी वाढ होत नाही. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवावी. रात्री दुकान बंद असेल तर एखादी वेळ बकरीच्या दुधावर निभावते, पिल्लू वाढवता येत नाही. दूध मनगटावर कोमट लागेल इतके असावे. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब द्यावे आणि पिल्लू पोटावर, चार पायांवर असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले की दूध फुप्फुसात जाते. शंभर ग्रॅम वजनाला एका वेळी चार मिलीलिटरच्या आसपास पुरे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. हे 'रात्रीसुद्धा' वाचायला सोपे आहे. चौकीदाराच्या बायकोने ते दोन आठवडे केले, दिवसाची धुणीभांडी सांभाळून.

आणखी एक काम आई करते, ते आपल्या ध्यानातच येत नाही. ती चाटते म्हणून पिल्लू शी-शू करते. तीन आठवड्यांपर्यंत त्याला ते आपसूक जमत नाही. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागचा भाग हलके पुसावा लागतो.

आणि रोज वजन. पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवे. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसते. आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद अंथरून वजन करून द्यायचा. आधी कुरकुरला, मग स्वतःच सकाळी वाट पाहू लागला. एका पिल्लाचे वजन दोन दिवस जागच्या जागी राहिले. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले, उपचार झाले, तिसऱ्या दिवशी ते गेले. सगळे नीट करूनही काही पिल्ले जातात. आईच्या पहिल्या चिकातून मिळणारे संरक्षण कधी अपुरे पडते, कधी जन्मतःच काही उणे असते.

महिनाभराने मऊ खाणे सुरू होते आणि तिथे आपल्या शाकाहारी शेजाऱ्यांची पंचाईत होते. दूध-भातावर मांजर जगताना दिसते, पण ते बाहेर उंदीर मारत असते म्हणून. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला पुरेसे तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये आणि हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. घरात मांस शिजत नसेल तर तयार खाद्य आणावे. ज्यांच्याकडे शिजते त्यांनी रश्शातले तुकडे देऊ नयेत. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळीही कधी देऊ नये, एका गोळीने मोठे मांजरसुद्धा मरू शकते. फिनाइलने पुसलेली ओली फरशीही त्याच्यापासून दूर ठेवावी, कारण ते पाय चाटते.

आमच्याकडे मांजर अपवित्र मानत नाहीत. तिने तोंड लावलेल्या पाण्याने वजू करता येतो, असे हदीसमध्ये आले आहे. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या त्या हजरत अबू हुरैरांचे हे टोपणनावच मुळी मांजराच्या पिल्लावरून पडले. पण पवित्र म्हणजे निरोगी नव्हे. भटक्या पिल्लाने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि मेयो किंवा मेडिकलला जाऊन रेबीजच्या इंजेक्शनविषयी विचारावे. हळद लावून घरी बसू नये. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. मादी असेल तर चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते, म्हणून नसबंदीची तारीखही डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवावी.

आमच्या दोन पिल्लांपैकी बोका चौकीदाराच्या खोलीत राहिला. मादीची शस्त्रक्रिया झाली आणि ती किराणा दुकानात गेली. तिथे आता पोत्यांना उंदीर लागत नाहीत. दुकानदार गिऱ्हाईक नसले की तिला काट्यावर बसवतो आणि आकडा मला फोनवर कळवतो.